दुपार झाली की पोकलेन मंदावते, पंप उघडायचा का?

गोदाकाठ (१४ मे, रात्री ९:२०)
मंडळी, अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे. माझी २० टनी पोकलेन आहे, सात-साडेसात हजार तास झालेत. सध्या दिंडोरी भागात शेततळ्यांची कामं चालू आहेत. सकाळी सातला मशीन सुरू केली की एक नंबर चालते. अकराच्या पुढे बूम (मशीनचा मुख्य हात) जड व्हायला लागतो, स्विंग (वरच्या भागाचं गोल फिरणं) सुस्तावतो आणि तीनच्या सुमाराला ऑपरेटर म्हणतो, "शेठ, आता हिच्यात दम नाही." इंजिनाचा आवाज मात्र तसाच असतो. धूर नाही, आरपीएम पडत नाहीत. उन्हं उतरली की थोडं बरं.

एका मिस्त्रीने पाहिलं, थोडा वेळ लिव्हर हलवले आणि सांगितलं की पंप गेला, खोलून सगळं किट टाका. खर्च लाखांत. दुसरा म्हणतो हायड्रॉलिक ऑइल जाड टाका, ४६ ग्रेडच्या जागी ६८. तिसरा म्हणतो मेन रिलीफ (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा व्हॉल्व्ह) थोडा कसून घ्या, ताकद येईल. पंप उघडण्याआधी काय काय तपासून घ्यावं? पाऊस तोंडावर आलाय आणि शेतकऱ्यांना शब्द दिलेला आहे.

मुरूमवाला (रात्री ९:४१)
रिलीफला हात लावू नका. बाकी काहीही करा.

पाना_नाना (रात्री १०:१५)
मुरूमवाल्यांशी शंभर टक्के सहमत.

गोदाकाठ, अर्धं निदान तुम्ही स्वतःच लिहून टाकलंत. जड मशीनमध्ये पहिला प्रश्न हाच की ताकद कमी पडताना इंजिन दबतं का? लोडवर आरपीएम पडत असतील, काळा धूर येत असेल तर आधी इंजिनाकडे बघायचं. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टाकीतला कचरा, टर्बोचा फाटलेला पाइप. पण इंजिन मजेत चाललंय आणि बूम उठत नाही, याचा अर्थ इंजिनाची ताकद तेलापर्यंत पोचतच नाही.

दुसरा प्रश्न, सगळंच मंद की एखादीच हालचाल? फक्त बूम मंद असेल तर बूमचा सिलिंडर, त्याचा स्पूल (व्हॉल्व्हमधली तेलाची वाट उघडणारी दांडी), त्याचा पोर्ट रिलीफ (त्या एकाच हालचालीचा रिलीफ). एकाच बाजूची चेन मागे राहत असेल तर त्या बाजूची ट्रॅव्हल मोटर किंवा मधला सेंटर जॉइंट (वरून खाली चेनकडे तेल नेणारा फिरता सांधा). सगळंच मंद असेल तर सगळ्यांना मिळून जे लागतं ते तपासायचं. टाकीतली तेलाची पातळी, सक्शनची जाळी, पायलट प्रेशर (लिव्हर हलवल्यावर मेन व्हॉल्व्ह उघडणारं छोटं प्रेशर), मेन रिलीफ, आणि सगळ्यात शेवटी पंप. शेवटी एवढ्यासाठी की तो सर्वांत महाग, आणि न उघडताही तपासता येतो.

राहिला तापण्याचा मुद्दा. तेल तापलं की पातळ होतं, पातळ झालं की आतल्या फटींमधून परत टाकीकडे पळतं, आणि हे असं काम न करता पळणारं तेल आणखी उष्णता तयार करतं. म्हणजे गळतीमुळे तापतंय की तापल्यामुळे गळतंय, हे आधी वेगळं करायला हवं. टेंपरेचर गन घ्या. सकाळी, अकराला आणि तीनला हायड्रॉलिक टाकीच्या पत्र्यावर मारा. ५० ते ८० अंशांत असेल तर तेल ठीक आहे. ९० च्या वर जात असेल तर आधी कूलर बघा.

सिन्नरकर (रात्री १०:५२)
नाना, तुमचा आदर आहे, पण गोदाकाठला सुचवलेलं ६८ ऑइल तुम्ही विचारातच घेतलं नाहीत. आमच्या दोन जुन्या मशीन वर्षानुवर्षं ६८ वर चालल्या आहेत. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी गाठतो. जाड तेल टाकलं की दुपारी फरक पडतो, हा अनुभव आहे.

पाना_नाना (रात्री ११:०५)
फरक पडतो हे खरं. पण तो कशामुळे पडतो ते बघा. ४६ आणि ६८ हे आकडे ४० अंशांना तेल किती घट्ट आहे ते सांगतात. पंप झिजलेला असेल तर जाड तेलाने गळती झाकली जाते, झीज तिथेच राहते. आणि हीच मशीन जानेवारीत निफाडला कामाला गेली तर? तिथे पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो. त्या थंडीत ६८ सक्शनमधून सहज ओढलं जात नाही, पंपात पोकळी होते, खडखड आवाज येतो आणि चांगला पंप खराब होतो. मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता असतो. तुमच्या मशीनच्या तक्त्यात उन्हाळ्यासाठी ६८ दिलं असेल तर जरूर टाका. पण तो दुपारच्या आजारावरचा इलाज नव्हे.

लिव्हर_बहाद्दर (१५ मे, सकाळी ६:१०)
मी ऑपरेटर आहे, आमची बाजू मांडतो. मशीन मंद झाली हे सगळ्यात आधी आम्हाला कळतं. पण सांगितलं की "तुलाच काम नको" असं ऐकावं लागतं. गोदाकाठ शेठने ऑपरेटरचं ऐकून इथे धागा काढला, बरं वाटलं.

एक विचारा तुमच्या ऑपरेटरला. मशीन मंद झाल्यावर चेन चालवताना पण मंद वाटते का, आणि ग्रीसिंगला रोज किती वेळ मिळतो. बऱ्याच साइटवर अवरमीटर फिरला की पार्टीला तासाचे पैसे मोजायचे असतात, म्हणून सकाळची पंधरा मिनिटं कोणाच्याच हिशोबात धरत नाहीत. ना मालक देतो, ना पार्टी. मग कूलरला हवा कोण मारणार आणि पिना कोण भरणार?

मुरूमवाला (सकाळी ६:३२)
दादा, लाख बोललात. आमच्याकडे आता भाड्याच्या करारातच लिहून घेतो की सकाळचा पहिला अर्धा तास मशीनचा. कुरकुर झाली, पण पिन-बुशचा खर्च निम्म्यावर आला.

द्राक्षवेल (सकाळी ७:४८)
मी मशीनवाला नाही, निफाडचा शेतकरी. पण आमच्या शेततळ्याच्या वेळी जे पाहिलं ते सांगतो. बाजूलाच कांद्याची चाळ. वाऱ्याने कांद्याचं टरफल उडत होतं आणि मशीनच्या मागच्या जाळीत जाऊन बसत होतं. ऑपरेटरने बाहेरून हवा मारली, जाळी चकाचक दिसली, तरी मशीन गरम व्हायचीच. शेवटी त्यांनी पुढचा कूलर सोडून बाजूला घेतला. आतल्या रेडिएटरवर टरफल, माती आणि तेल मिळून नमद्यासारखा जाड थर बसला होता. हाताने सोलून काढला. बाहेरून तो दिसतच नव्हता.

दिंडोरीकडे पण चाळी भरपूर आहेत, म्हणून सांगावंसं वाटलं.

कांचन_डी (सकाळी ९:३०)
द्राक्षवेल यांनी नेमकं बोट ठेवलंय. मी सातपूरला हायड्रॉलिक पंप-मोटर टेस्टिंगचं काम करते. "पंप गेला" म्हणून आमच्याकडे उतरवून आणलेल्या पंपांपैकी कितीतरी टेस्ट बेंचवर चांगले निघतात. मग मालकाचा उतरवण्या-चढवण्याचा खर्च वाया, आणि उघड्यावर काम झाल्यामुळे पाइपात धूळ गेली ती वेगळीच.

नानांच्या यादीत थोडी भर घालते.

"इंजिन दबत नाही म्हणजे हायड्रॉलिक" हा नियम जुन्या मशीनना पक्का लागू. नव्या मशीनमध्ये कंट्रोलर बसलेला असतो. इंजिन कमकुवत झालं किंवा तापमान वाढलं की तो स्वतःच पंपाचा प्रवाह कमी करतो, म्हणून आरपीएम पडलेले दिसतच नाहीत. तेव्हा मॉनिटरवरचे फॉल्ट कोड आधी वाचून घ्या. कितीतरी ऑपरेटरना तो मेनू कोणी दाखवलेलाच नसतो.

पायलट प्रेशर गेजने बघा, बहुतेक मशीनला ३५ ते ४० बारच्या आसपास लागतं. ते तापल्यावर पडत असेल तर मेन व्हॉल्व्हचे स्पूल पूर्ण उघडतच नाहीत, आणि सगळी मशीन मंद होते. पायलटचा फिल्टर चोक असणं हे त्याचं स्वस्तातलं कारण.

मेन प्रेशर या वर्गाच्या मशीनला साधारण ३२० ते ३५० बार असतं, तुमच्या मॅन्युअलचा आकडा प्रमाण माना. रिलीफ कसून हा आकडा वर नेला तर होस, सिलिंडरचे सील आणि पंपाचं बेअरिंग हे सगळं त्याची किंमत मोजतं. मुरूमवाला म्हणाले ते यासाठीच.

आणि पंप न उघडता तपासायची रीत म्हणजे केस ड्रेन. पंपाच्या बॉडीतून आतली गळती एका बारीक पाइपने टाकीकडे जाते. तेल पूर्ण तापलेलं असताना ती लाइन मोजमाप असलेल्या डब्यात किंवा फ्लोमीटरवर घ्यायची, एक मिनिटात किती लिटर येतं ते बघायचं आणि मॅन्युअलशी ताडून पाहायचं. मात्र ही लाइन कधीही बंद करू नका, बॉडीत प्रेशर साठून शाफ्टचं सील उडतं. आलेलं तेल पांढऱ्या कापडावर ओता. पितळी चमक दिसली तर आत पिस्टनचे शू किंवा प्लेट झिजते आहे, आणि तेव्हा पंप उघडणं बरोबर.

गोदाकाठ (दुपारी १:१५)
ताई, नाना, मनापासून आभार. टेंपरेचर गन नाशिकच्या द्वारका चौकाजवळून आणली. आज अकरा वाजता टाकी ७९, आत्ता ९४.

सिन्नरकर (दुपारी १:२२)
मशीन ९४ वर आणि शेठ १०४ वर.

पाना_नाना (दुपारी १:४०)
९४ ला चालवत राहू नका, सील कडक होतात. मशीन आरपीएम कमी करून थोडा वेळ तशीच चालू ठेवा, एकदम बंद करू नका, टर्बोला पण थंड व्हायला वेळ हवा. मग कूलर. आणि ती गन कूलरच्या सबंध अंगावर फिरवा. एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा बराच थंड लागला तर तिथून तेल जातच नाहीये, आतून चोक आहे. सगळीकडे सारखाच कडक गरम असेल तर हवा लागत नाहीये.

नवखा_सुपरवायझर (दुपारी ३:०५)
थोडं विषयांतर होतंय, माफ करा. मी कुंभमेळ्याच्या रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, त्यामुळे साइटवर एक दिवस मशीन उभी राहिली की वरून फोन सुरू होतात. आमचा बॅकहो (पुढे लोडर, मागे खोदायचा हात असलेली जेसीबीसारखी मशीन) मधेच पुढे जायचाच थांबतो. इंजिन चालू, लोडर-बकेट चालतात, फक्त गाडी हलत नाही. दहा मिनिटांनी आपोआप जाते. ट्रान्समिशन खोलायचं म्हणतायत.

मुरूमवाला (दुपारी ३:१८)
पार्किंग ब्रेकचा स्विच बघा राव. हँडब्रेक ओढलेला आहे असा सिग्नल गेला की बऱ्याच बॅकहोमध्ये ड्राइव्ह सुटतो. स्विच सैल झाला की खड्ड्यात गाडी आदळल्यावर असंच होतं. तो डायलचा दिवा पेटतो का, एवढं पाहून सांगा.

कांचन_डी (दुपारी ३:३०)
बरोबर. आणि लोडरच्या लिव्हरवर ट्रान्समिशन तोडायचं बटण असतं, त्याची वायर लिव्हरच्या बुडाशी घासून तुटते. दहा मिनिटांनी आपोआप चालू होणारी गोष्ट बहुतेक वेळा विजेची असते. क्लच प्लेट गेल्या असतील तर गाडी तापल्यावर हळूहळू घसरायला लागते, तोडल्यासारखी थांबत नाही. तेलाची पातळी मात्र मॅन्युअलमध्ये इंजिन चालू ठेवून बघायला सांगितलीय की बंद करून, ते वाचा. दोन्हींत बराच फरक येतो.

घाटरस्ता (रात्री ८:५०)
मी इगतपुरीच्या पट्ट्यात काम केलंय, त्यामुळे माझा जीव ब्रेकरमध्ये (मशीनला जोडायचा दगड फोडणारा हातोडा). गोदाकाठ, तुमच्या मशीनला ब्रेकर लागतो का? शेततळ्यात वर मुरूम, खाली मांजऱ्या (अर्धवट कठीण खडक) आणि मग काळा पाषाण लागला की सगळे ब्रेकर जोडतात. ब्रेकरच्या कामाने हायड्रॉलिक तेल लवकर घाण होतं आणि जास्त तापतं. म्हणून मॅन्युअलमध्ये ब्रेकर किती टक्के चालतो त्याप्रमाणे तेल आणि फिल्टर लवकर बदलायचा तक्ता वेगळा असतो. लोक बकेटचाच हिशोब धरतात.

ऑपरेटरना माझं नेहमीचं सांगणं. एकाच जागी अर्धा-अर्धा मिनिट ठोकत बसू नका. पंधरा-वीस सेकंदांत दगड फुटला नाही तर जागा बदला, कडेकडेने या. छिन्नी दगडावर टेकलेली नसताना ब्रेकर चालवू नका, तो रिकामा मार सगळा आतल्या पिनांवर येतो. ग्रीस भरताना छिन्नी उभी जमिनीवर दाबून धरायची, म्हणजे ती वर बसते आणि ग्रीस बुशच्या फटीत जातं. हवेत धरून भरलं तर ग्रीस पिस्टनच्या खाली साठतं आणि पहिल्याच ठोक्याला सील फोडतं.

लिव्हर_बहाद्दर (रात्री ९:०४)
घाटरस्ता भाऊ, हे सगळ्यांना छापून वाटा. आणि मालकांनी ग्रीसचा डबा वेळेवर पाठवा.

गोदाकाठ (१७ मे, रात्री ८:३०)
अपडेट देतो. काल पुढचा कंडेन्सर आणि तेलाचा कूलर दोन्ही बोल्ट काढून फिरवले. द्राक्षवेल दादा, तुम्ही सांगितलं तसंच. रेडिएटर आणि कूलरच्या मधल्या फटीत खालच्या बाजूला बोटभर जाड थर, कांद्याच्या टरफलाचे गुलाबी तुकडे त्यात ओळखू येत होते. आधी सुकी हवा आतून बाहेर मारली, मग डिटर्जंट आणि कमी प्रेशरचं पाणी. पत्ती वाकू नये म्हणून पाइप सरळ धरला.

आणखी एक सापडलं. कूलरच्या चारही कडांना फोमची पट्टी असते, ती खालच्या बाजूला गायबच होती. कोणीतरी कधीतरी कूलर काढला आणि पट्टी परत बसवलीच नाही. त्या फटीतून इंजिनाकडची गरम हवा परत पुढे येत होती. नवी पट्टी चिकटवली. फॅन बेल्टही काचेसारखा गुळगुळीत झाला होता, तो बदलला.

आज दुपारी तीनला टाकी ७७. स्विंग, आर्म (बूमच्या पुढचा हात), चेन एकदम मोकळं चालतंय. पायलट ३८ बार, तापल्यावरही तेवढंच. केस ड्रेन मॅन्युअलच्या मर्यादेत, कापडावर चमक नाही. पंप उघडत नाही.

पण बूम वर जाताना अजून थोडा मागे आहे. बाकी सगळं ठीक, फक्त बूम. आणि भरलेली बकेट वर धरली की हळूहळू खाली येते.

पाना_नाना (रात्री ८:४४)
वा! लाखांचं काम फोमच्या पट्टीवर आलं. आता आजार एका जागी आलाय, तो पकडणं सोपं.

कांचन_डी (रात्री ९:१०)
खूप छान झालं. बूमसाठी आता दोन गोष्टी करा.

बूमचा आणि आर्मचा पोर्ट रिलीफ एकाच नंबरचा आणि एकाच सेटिंगचा आहे का ते पार्ट बुकात बघा. असेल तर दोघांची अदलाबदल करा. मंदपणा आर्मकडे गेला तर रिलीफ खराब. बूमकडेच राहिला तर सिलिंडरचं सील किंवा बूमचा होल्डिंग व्हॉल्व्ह (बूम वर धरून ठेवणारा). गनही वापरा. जो रिलीफ आतून गळतो तो बाजूच्या रिलीफपेक्षा बराच गरम लागतो.

पण काहीही सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर सगळ्या बाजूंना हलवून प्रेशर उतरवा आणि टाकीच्या ब्रीदरमधली हवा सोडा. बूम हवेत असताना होस सैल केला आणि खाली माणूस असेल तर काय होतं, ते सांगायला नको.

आणि होसवर बारीक फवारा दिसला तर हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून आलेलं तेल हातमोज्यासकट कातडी भेदून आत जातं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत हात काळा-निळा पडतो. अशा वेळी मलमपट्टी करून घरी पाठवायचं नाही. थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्यायचं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं की दाबाखालचं तेल आत गेलंय, कारण ऑपरेशन करून ते धुवून काढावं लागतं. आमच्या एका फिटरचं बोट उशीर झाल्यामुळे गेलं.

लिव्हर_बहाद्दर (रात्री ९:२५)
ताई, हे आम्हाला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. उद्या सगळ्या पोरांना ऐकवतो.

नवखा_सुपरवायझर (१८ मे, सकाळी १०:४०)
मुरूमवाला दादा, पार्किंग ब्रेकचाच स्विच निघाला. दिवा खड्ड्यात लुकलुकत होता, कोणी बघतच नव्हतं. ट्रान्समिशन वाचलं. एक शेवटचं विचारतो. बकेटच्या दातांचा ॲडॉप्टर (ज्यावर दात बसतो तो तुकडा) सुटलाय, साइटवरच वेल्डिंग करणार आहेत. काही काळजी?

पाना_नाना (सकाळी ११:०२)
बॅटरीच्या दोन्ही वायर काढा, कंट्रोलर असेल तर त्याचे कनेक्टरही सोडा. वेल्डिंगच्या अर्थिंगची क्लिप बकेटलाच, ॲडॉप्टरच्या अगदी जवळ लावा. चेसिसला लावलीत तर करंट पिना आणि बेअरिंगमधून जातो आणि तिथे डाग पाडतो. ॲडॉप्टर आधी गॅसने चांगला गरम करा, सुके रॉड वापरा, आणि झाल्यावर त्यावर पाणी ओतू देऊ नका, सावकाश थंड होऊ द्या. नाहीतर पुढच्या पाषाणाला तो पुन्हा तिथूनच तडकेल.